काकीच्या तळघरातल्या ट्रंका

आमच्या प्रभादेवीच्या घराला तळघर होतं असं म्हटलं की आमची नात मोबाइल खाली ठेवते आणि मांडी घालून बसते. तिला वाटतं, आता भुयार निघणार, हंडे निघणार. भुयार कसलं डोंबलाचं! माझ्या आजोबांचा नारळाचा धंदा होता. कोकणातून आलेला माल ठेवायला त्यांनी घराखाली एक लांबट खोली काढली होती, निम्मी जमिनीत आणि निम्मी वर. आजोबा गेले, नारळ गेले, पण काथ्याचा वास त्या भिंतींतून काही गेला नाही. माझ्या वेळेपर्यंत त्यात सुक्या बोंबलांचा, सोलांचा आणि उकड्या तांदळाच्या पोत्यांचा वास मिसळला होता, कारण तळघर आता काकीच्या ताब्यात होतं.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका फार लवकर गेले. माझे वडील, म्हणजे अण्णा, सरकारी कचेरीत कारकून होते आणि दीर म्हणून वहिनीला सांभाळायची त्यांची तयारी होती, पण काकीने त्यांना ती संधीच दिली नाही. मागच्या दोन खोल्यांत तिने खानावळ घातली. गिरण्यांतली कोकणी मंडळी पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला यायची. त्यामुळे आमच्या घरात घड्याळाची गरज कधी पडली नाही. पहाटे पाट्यावर वरवंट्याची घरघर सुरू झाली की आई उठायची, भोंगा वाजला की अण्णा दाढीला बसायचे आणि भाकऱ्यांची थापथाप सुरू झाली की मी अजून अंथरुणातच आहे हे सगळ्या घराला कळायचं. दुपारी बांगड्याच्या कालवणाला तिरफळांचा वास सुटला की वरच्या खोलीत भूमिती करणं अशक्य व्हायचं. माझं गणित कच्चं राहिलं त्याला तिरफळं जबाबदार आहेत, असं मी अजूनही मानते.

काकी दिसायला बारकी, काटकी. करडं नाहीतर तपकिरी लुगडं, कपाळ कोरं, हात रिकामे, पायांत झिजून पातळ झालेल्या वहाणा. बोलायची कमी आणि विसरायची त्याहून कमी. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाचं ताट तिला पाठ. कुणाला वांग्याने अंगावर पित्त उठतं, कुणाला सोलकढी बिनमिरचीची लागते, कोण माशाच्या डोक्याचा तुकडा मागायला लाजतो पण मनातून तोच हवा असतो, हे तिला कधी विचारावं लागलं नाही. चाळीस ताटं एकदम वाढायची असली तरी कुणाचं कुणाला गेलंय, असं झालेलं मी पाहिलं नाही.

आणि मी? मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि प्रभादेवीपासून दादरपर्यंत माझ्याइतकं हुशार कुणी नाही याबद्दल माझी खात्री पटलेली होती. लायब्ररीतून आणून मी इतक्या रहस्यकथा वाचल्या होत्या की खून झाल्याशिवाय मला आजूबाजूचं जग अळणी वाटायचं. गिरगावच्या फुटपाथवरून घेतलेलं एक भिंग मी कंपासपेटीत ठेवत असे. दोन वेण्या, हातात भिंग आणि चेहऱ्यावर सगळं कळल्याचा भाव. ती पोरगी आज माझ्या हाताला लागली तर तिच्या दोन्ही वेण्या एकमेकींना बांधून ठेवीन.

आता त्या ट्रंकांबद्दल. गिरणीतले हे लोक परळ-लालबागच्या चाळींत एकेका गाळ्यात पाळीपाळीने राहायचे. एक उठून कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा येऊन आडवा व्हायचा. स्वतःची म्हणावी अशी प्रत्येकाची जागा एकच, त्याची पत्र्याची ट्रंक. गौरी-गणपतीला गावी निघताना ती गाळ्यात सोडून जायला कुणाचा जीव होत नसे. म्हणून निघायच्या आधी डोक्यावरून, हातगाडीवरून ट्रंका आमच्या दारात यायच्या आणि काकी एकेकीला तळघरात जागा दाखवायची. चावी ज्याची त्याच्या करगोट्याला. कुणी भाबडेपणाने “काकी, आत माझे ते हे आसत हां” असं सुरू केलं की ती हात वर करायची.

“ट्रंक माझ्याकडे, चावी तुझ्याकडे. आत काय हा ता माका सांगू नको.”

या पद्धतीचा पहिला पाईक म्हणजे दाजी. दाजी साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, जॉबर होते. हाताखालची माणसं त्यांच्या नुसत्या खाकरण्याने सरळ व्हायची. भरघोस मिशी, गळ्यात बाराही महिने तोच विटका तांबडा मफलर, आणि हसणं आठवणीत ठेवावं इतकं क्वचित. त्यांनी ट्रंक काकीकडे ठेवली म्हणून बाकीच्यांनी ठेवली, आणि ते जेवायला आले म्हणून बाकीचे आले. काकीची खानावळ कशावर उभी आहे असं कुणी विचारलं असतं तर मी तेव्हा तांदूळ आणि मासळी म्हणाले असते. प्रत्यक्षात ती या एका शब्दावर उभी होती, की काकीकडे ठेवलेलं कुणी उघडत नाही.

त्या वर्षी मंडळी गावी गेली. आमचा गणपती गावच्या मूळ घरी बसायचा, पण अण्णांना रजा मिळाली नाही म्हणून आम्ही मुंबईतच होतो, आणि न गेलेल्या थोड्या जेवणाऱ्यांसाठी काकीही. पिठोरी अमावास्या आली आणि पावसाने जे धरलं ते सोडेचना. सकाळी काकीने मला सोलं आणायला खाली पाठवलं. मी पुस्तकात बोट घालून, तंद्रीत पायऱ्या उतरले आणि शेवटची पायरी म्हणून पाय ठेवला तो थेट पोटरीपर्यंत पाण्यात. अंधारात ठण्‌, ठण्‌ असा आवाज येत होता. हलक्या ट्रंका तरंगत तरंगत एकमेकींवर आपटत होत्या. मी किंचाळले ते “काकी” असं नाही, “खून!” असं. हे घरात पुढे कित्येक वर्षं मला ऐकवलं गेलं.

पाणी दारातून आलंच नव्हतं. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, उधाण आलेलं, वरून पाऊस, त्यामुळे पाणी फरशीच्या सांध्यांतून आणि मोरीच्या तोंडातून वर येत होतं. अण्णा ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादली घेऊन उतरले आणि खिडकीच्या गजांतून पाणी बाहेर फेकायला लागले. अण्णांची फेकायची गती आणि पाण्याची यायची गती यांत अण्णा हरत होते. काकी पायरीवर उभी राहून थोडा वेळ बघत राहिली.

“भावजी, समुद्राबरोबर कित्याक भांडतास? भरती हा. आत्ता उपसलास तरी परत येतला. चाय घेवा.”

“वहिनी, तांदूळ बुडतोय!”

“तांदूळ वर घेऊया. पानी मागसून बघू.”

आणि तसंच झालं. भरती असेपर्यंत आम्ही पाण्याला हातही लावला नाही. पोती वर ओढली, बरण्या वर आणल्या, बोंबलांच्या माळा काढून ओसरीच्या वाशांना टांगल्या. काकीने सगळ्यांना आलं घातलेला चहा दिला, कुळथाची पिठी रटरटत ठेवली आणि जणू एसटीची वाट बघावी तशी ओहोटीची वाट बघत बसली. गेल्या पावसाळ्यात मी राहते त्या परळच्या टॉवरचं पार्किंग भरलं तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजचा जो पाऊस पडला तो बाहेरच्या पावसापेक्षा मोठा होता. कोण जबाबदार, कुणाची गाडी, पंप कधी येणार. एक माणूस खाली उतरला नाही. मी लिफ्टने गेले, पाणी बघितलं आणि वर येऊन आलं घालून चहा केला. मुलगा म्हणाला, “आई, तुला काही वाटत नाही का गं?” आता त्याला काय सांगायचं.

ओहोटी लागली तसं पाणी आपोआप अर्ध्यावर आलं. मग काकीने मोरीच्या तोंडात काथ्याचा बोळा ठोकून बसवला, जेवायला आलेल्यांना पायऱ्यांवर उभं केलं आणि बादल्या हातोहात वर जायला लागल्या. कोपऱ्यात एक कुर्ली नांग्या उगारून बसली होती. मला वाटलं, खानावळीत स्वतःच्या पायांनी चालत आली, आता हिची धडगत नाही. काकीने ती सुपात घेतली, उलटसुलट बघितली आणि माझ्या हातात सूप दिलं. “गटारातली हा. समुद्रार नेऊन सोड तिका.” मी सूप पुढे धरून, हात ताठ करून, आख्ख्या गल्लीतून किंचाळत गेले. परत आले तोवर खाली चिखल खरवडून झाला होता, भिंतींना चुना लागत होता आणि मधोमध कोळशाची शेगडी धगधगत होती. तिच्यावर कडुलिंबाचा पाला टाकून काकीने दार लोटून घेतलं.

तळघर सुटलं. राहिल्या त्या ट्रंका. त्या सगळ्या अंगणात ओळीने ठेवल्या होत्या, बाहेरून पुसून लख्ख, आणि एकेकीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

“कुलपं तोडा,” अण्णा म्हणाले. “मंडळी गौरी गेल्याशिवाय येत नाहीत. तोवर आत सगळं कुजून जाईल.”

“आणि तोडली तर पुढच्या वर्षी कोण ठेवील?” आई म्हणाली.

दोघांचंही खरं होतं आणि हे सगळ्यांना दिसत होतं. काकी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी मात्र भिंग घेऊन कुलपांभोवती घिरट्या घालत होते. एका ट्रंकेत काय असतं, एका जॉबरच्या ट्रंकेत काय असतं, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. नाही म्हणजे, जात होतं. दोनदा जेवले. पण लक्ष नव्हतं.

तेवढ्यात एका ट्रंकेखालून पाण्याचा लाल ओघळ आला. मी पुन्हा ‘खून’ म्हणणार, त्याआधीच काकीने उठून त्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

“साडी हा. नवी. कोनीतरी कोनाक तरी घेतलेली.” बोट पुसून ती माझ्याकडे वळली. मग पदर खोचला. “बेब्या, जा. इस्माईलचाचाक बोलाव.”

इस्माईलचाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या बादल्यांना बुडं बसवायचे. आले, ट्रंकांकडे बघून म्हणाले, “काकी, एक हातोडा मारू क्या? सब ताले खलास.”

“कुलपाक हात लावूचो नाय,” काकी म्हणाली. “मागसून उघड.”

चाचांनी कपाळाला हात लावला, मग हसले, आणि मागच्या बिजागऱ्यांतल्या सळया एकेक करून ठोकून बाहेर काढल्या. झाकणं मागून वर उचलली गेली. पुढे कुलपं जशीच्या तशी लटकत होती. एखाद्या माणसाने तोंड घट्ट मिटून पाठीतून बोलावं, तसं ते दिसत होतं.

आणि मग काकीने एक गोष्ट केली. ती आपल्या झोपायच्या खोलीत गेली आणि तिथून आणखी एक ट्रंक ओढत घेऊन आली. एक कडी तिने धरली, दुसरी मी. काळी, पत्र्याची, बाकीच्यांसारखीच. तिच्या खोलीत पाण्याचा थेंब शिरला नव्हता. मग ही ट्रंक कशाला बाहेर काढायची, असा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. मी रहस्यकथा वाचत होते ना!

काकीने सगळ्यांना अंगणाबाहेर घालवलं, मलासुद्धा. दार लावून तिने एकटीने सगळ्या ट्रंका रिकाम्या केल्या. दार उघडलं तेव्हा अंगणात दोऱ्यांचं जाळं झालं होतं आणि त्यावर सगळ्यांचं सगळं एकत्र. धोतरं, सदरे, साड्या, झबली, देवांच्या तसबिरी, हिरव्या बांगड्यांचे जोड सुतळीत ओवलेले, पावडरीचे डबे, एक आरसा, लहान मुलाचे बूट, हातमागाची शाल. कुणाचं काय ते कळायला काही मार्ग नाही. आणि बायकांच्या वस्तू पुरुषांच्या वस्तूंमध्ये अशा मिसळलेल्या, की कुणी कुणाच्या संसारात नाक खुपसायचं म्हटलं तरी नाक कुठे घालावं समजू नये. ती स्वतःची ट्रंक का घेऊन आली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी, स्वतःच्या घरात दुसऱ्यांची गुपितं सांभाळायची वेळ आली तेव्हा उमगलं.

भाद्रपदातलं ऊन ते. आता आहे, आता नाही. मधेच एक सर यायची की आम्ही सगळे धावायचो, दोऱ्यांवरचं कवळून काकीच्या खोलीत फेकायचो, सगळ्याचा काला. सर गेली की काकी एकटी आत बसून ते पुन्हा सोडवायची. मी एकदा विचारलं, “काकी, तुला कसं लक्षात राहतं गं कुणाचं काय ते?”

“ताट वाढताना चुकतंय काय कधी?” ती म्हणाली, आणि एक लेंगा झटकला.

आता माझ्या बुद्धिमत्तेकडे वळू. दोरीवर एका टोकाला दाजींचा तांबडा मफलर वाळत होता. तो एवढा ओळखीचा, की काकीलाही लपवता येण्यासारखा नव्हता. गावी उकडतं म्हणून दाजींनी तो पहिल्यांदाच मागे ठेवला असावा. आणि काकी आत असताना वाऱ्याने त्याची घडी सुटली. आतून क्रोशाचे रुमाल बाहेर आले. पांढरे, सुबक, फुलांच्या नक्षीचे, एक अर्धवट, सुई त्यातच अडकलेली. बाजूच्या ओट्यावर लाल चपला. उंच टाचेच्या, समोर सोनेरी पट्टी, सिनेमातल्या नट्या घालतात तशा.

मी भिंग काढलं. विचार केला. रुमाल विणलेत म्हणजे बाई आली. ते दाजींच्या मफलरमध्ये आहेत म्हणजे दाजींची बाई आली. चपला शेजारी आहेत म्हणजे बाई उंच टाचेची आली. अशी बाई गावची असणार नाही. निष्कर्ष: दाजींनी मुंबईत कुणीतरी ठेवली आहे. त्या चपलांवर पाण्याचा एक डाग नव्हता. कातडं करकरीत कोरडं होतं. तेही मी भिंगातून बघितलं, आणि मला दिसलं नाही.

पण माझ्या शोधाचा आनंद मला फार वेळ मिळाला नाही. समोरच्या घरातली वच्छीमावशी भिंगाशिवायच तिथवर येऊन पोचली होती. कुंपणावर कोपरं टेकून ती आईला सांगत होती, “पाहिलंत ना वहिनी? मिशी एवढी आणि धंदे असे. परळला असणार हो कोणीतरी. तिच्याच चपला. ट्रंकेत लपवून ठेवल्यात, बायकोला कळू नये म्हणून.”

“तुम्हाला काय ठाऊक दाजींच्याच आहेत?” आई म्हणाली.

“मग काय तुमच्या जावेच्या आहेत?” वच्छीमावशी म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसली.

काकी आत भाकरी थापत होती. थापेचा आवाज एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी आत जाऊन म्हणाले, “काकी, सांग ना. दाजींच्याच आहेत ना? फक्त मला सांग.”

“एकाचा सांगितला काय दुसऱ्याचा इचारतलंस.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “पानी आन.”

संध्याकाळपर्यंत दाजींची ती बाई सगळ्या गल्लीला माहीत झाली होती. दुसऱ्या दिवशी तिला नाव मिळालं. तिसऱ्या दिवशी ती गाणारी निघाली. काकीने कुणाला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तिने एकेक ट्रंक भरली, कापूर घातला, चाचांना बोलावून सळया परत बसवून घेतल्या. पण मला आठवतंय, त्या दिवसांत तिच्याकडून दोनदा कालवणात मीठ घालायचं राहून गेलं, आणि हे काकीच्या बाबतीत ऐकिवात नव्हतं.

मंडळी आली ती एकदमच, सकाळच्या एसटीने, गावच्या गोडाधोडाला विटून, बांगड्याच्या कालवणाची आठवण काढत. पण आमच्या दारापर्यंत येईस्तोवर गल्लीने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, एका दाजींना सोडून; त्यांना फक्त ट्रंका उघडल्याचं कळलं होतं. अंगणात शिरले ते थेट ओळीने मांडलेल्या ट्रंकांशी येऊन थांबले. दाजी पुढे. गळा मोकळा, चेहरा काळाठिक्कर. वच्छीमावशी कुंपणाशी होतीच. मी जिन्याच्या पायरीवर, आई दाराआड.

काकी बाहेर आली. हात पदराला पुसले.

“तळघरात पानी इला. ट्रंका मी उघडलंय.”

“कुलूप तर शाबूत हा,” दाजी म्हणाले.

“मागसून उघडलंय. मीच. सगळा सुकवून परत भरलंय. बघून घेवा.”

“बघितल्यान कोनी?”

“दोरीर होता. सगळ्यांनी बघितल्यान. कोनाचा काय ता माकाच ठावक.”

दाजींनी करगोट्याची चावी काढून ट्रंक उघडली. वरच मफलर, नीट घडी घातलेला. ते बघत असतानाच मागच्या एका तरण्याला राहवलं नाही. “दाजीनू, लाल चपला खंय रे तुमच्यो?” दोघे-तिघे फिसकन हसले.

दाजी हळूच वळले. त्याच्याकडे नाही, काकीकडे. “कसल्यो चपला?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. ते ट्रंकेची कडी हातात धरून उभे होते, आणि ती कडी उचलून ते दाराबाहेर पडले असते तर मागचे सगळे आपापल्या कड्या उचलून निघाले असते. हे काकीला कळलं होतं. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा.

काकी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात त्या चपला होत्या. तिने त्या उंबऱ्याशी, सगळ्यांच्या समोर, जोडीने ठेवल्या.

“ह्यो माझ्यो.”

कोऱ्या कपाळाची, करड्या लुगड्यातली ती बाई आणि तिच्या पायांशी त्या लालभडक, सोनेरी पट्टीच्या चपला.

“ह्येंनी आणलेल्यो, लग्नाच्या पयल्या वर्षी. चौपाटीर घातलंय आणि पडलंय. तेव्हापासून पेटेत.” मग कुंपणाकडे मान वळवून ती आमच्या मुंबईच्या शुद्ध मराठीत म्हणाली, “वच्छीबाई, अजून काही विचारायचंय?”

वच्छीमावशीचं कोपर कुंपणावरून घसरलं. आजवर मी पुष्कळ शूर माणसं पाहिली. युद्धावरून आलेले पाहिले, भर सभेत उठून बोलणारे पाहिले. गल्लीसमोर आपल्या चपला उंबऱ्यावर मांडणारी एवढी एकच.

दाजी ट्रंकेकडे वळले. मग खाली वाकून त्यांनी मफलर उघडला आणि क्रोशाचे रुमाल बाहेर काढले. अर्धवट राहिलेला वर, सुईसकट.

“हे रुमाल माझे,” ते म्हणाले. “मीच इणलंय.”

“तुमी?” तो मघाचा तरणा म्हणाला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

“मी. चेडवाच्या लग्नाक.” लेकीच्या लग्नाचं सांगताना मिशीखालून शब्द अडखळत येत होते. “साच्यार इणतंय ता गिरणीचा. ह्या माझा.”

माझ्या सगळ्या निष्कर्षांचा, त्या उंच टाचेच्या, गाणाऱ्या, परळच्या बाईचा तिथेच अंत झाला. ती बाई म्हणजे मोठ्या मिशीचा एक जॉबर होता, आणि गाळ्यात सगळे झोपले की कोपऱ्यात कंदिलाशी बसून तो टाके मोजत होता.

काकीने रुमाल हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलट करून बघितला. “टाको घट्ट पडता तुमचो,” ती म्हणाली. “वायच सैल सोडा.”

आणि दाजी हसले. मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांना वरचा एक दात नव्हता. मग अंगणात एकच गलका झाला. “आरसो माझो!” “ती पावडर माझी हां, घामाची, दुसऱ्या कसली नाय!” एकाने लाल रंग उतरलेली साडी उंच धरली आणि आपण बहिणीला काय सांगणार म्हणून रडवेलं तोंड केलं. काकी म्हणाली, रंग मीठ घालून बसवला आहे, आता जाणार नाही. कुणी झबलं दाखवत होता, कुणी बांगड्या. जे आजवर चावीखाली होतं ते ओरडून सांगायची चढाओढ लागली होती.

दाजींनी रुमाल परत मफलरमध्ये गुंडाळले. ट्रंक तशीच उघडी टाकून ते उंबऱ्याशी आले, खाली बघितलं, आणि आपल्या धुळीने भरलेल्या वहाणा काढून त्या लाल चपलांशेजारी, त्यांना धक्का न लागेल अशा, नीट सरळ लावून ठेवल्या. मागून एकेक जण आला आणि आपापल्या वहाणा त्याच रांगेत लावून आत गेला.

आतून दाजींचा आवाज आला, पाटावर बसल्याचा आणि खाकरल्याचा.

“काकी, वाढा. भूक लागली हा.”